बोटीची डावी बाजू

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२५

ती. पद्माआत्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. उजव्या हातानंच लिहितेय. फिजिओथेरपीच्या बाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलंय, अंगठा आणि तर्जनी कामाला लागावीत म्हणून. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, पाढे लिहा. पाढ्यांपेक्षा तू बरी. शिवाय फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि माझा फोन या घरात माझ्याकडं कमी आणि इतरांकडं जास्त असतो. त्याबद्दलच लिहायचंय.

मे महिन्यात काय झालं ते तू उडत उडत ऐकलंयस. आम्ही सगळे धरणावर बोटिंगला गेलो होतो. नेमगोंडा भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनीच ठरवलं, कारण तिथल्या बोट क्लबचा मालक विश्वजित त्यांच्या ओळखीचा. क्लबच्या इंजिनांचं सामान आमच्या शाहूपुरीतल्या दुकानातून जातं. स्पीडबोटीच्या मागं दोरीनं बांधलेला लांबट रबरी फुगा असतो, त्याला ते बनाना म्हणतात. स्वप्नाली जाऊबाई ऐनवेळी घाबरून काठावर थांबल्या, म्हणून त्यावर मी एकटीच बसले. वळणावर पाण्यात पडले. पाडतातच, त्यातच मजा असते म्हणे. मग स्पीडबोट मला घ्यायला परत आली आणि तिचा पंखा माझ्या हातावरनं गेला.

ऑपरेशनं झाली, हात राहिला. पण तर्जनीच्या टोकाला आता काही कळत नाही. आत्या, लॅबमध्ये मी शीर त्याच टोकानं शोधायचे. डोळ्यांनी नाही. लहान मुलांचं, म्हाताऱ्यांचं रक्त घ्यायचं असलं की डॉक्टर मलाच हाक मारायचे. आता मी काउंटरवर पावत्या फाडते. डॉक्टर भले आहेत, पण काउंटरला एक मुलगी आधीपासूनच आहे, आणि ती माझ्याकडं कशी बघते ते मला दिसतं.

आणि घरात काहीतरी शिजतंय. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं, आणि जाऊबाई एकदम गवारीचा भाव सांगायला लागतात. विश्वजित दुकानात येऊन भाऊजींबरोबर चहा पितो. गेल्या आठवड्यात भाऊजींनी टाईप केलेला स्टँपपेपर आणला. म्हणाले, "तडजोड हाय. क्लब दवाखान्याचा खर्च देणार, आपण तक्रार करायची न्हाय. सही जमत नसंल तर अंगठा चालंल." माझ्या त्या हाताकडं बघत हे म्हणाले, आणि त्यांना काही वाटलंही नाही.

आणखी एक. पर्युषण संपल्यावर क्षमावणीला मी दरवर्षी फोनमधल्या सगळ्यांना मेसेज पाठवते, जशी तू पोस्टकार्डं पाठवायचीस: जाणता-अजाणता माझ्याकडून काही चूक झाली असेल तर क्षमा करावी. यंदा तो मेसेज माझ्या फोनवरून गेला, पण मी पाठवला नव्हता. सहलीचं बुकिंग माझ्या फोनवरून झालेलं, त्यामुळं क्लबच्या नंबरलाही गेला. आता विश्वजितचा वकील म्हणतो, बाईंनी स्वतःची चूक लेखी कबूल केलेली आहे.

या घरात सरळ वागतात ते एकटे भरतेश. माझी वेणी घालतात, भाकरी मोडून देतात. क्षमावणीला तर माझ्यापुढं हात जोडून बसले आणि रडले. मीच म्हटलं, अहो पुरे, उत्तम क्षमा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

तू इचलकरंजीच्या कोर्टात आयुष्य घालवलंस. मला सांग, मी काय करू शकते? आणि हे कुणाला कळू देऊ नकोस.

तुझी
रोहिणी


कबनूर
२० सप्टेंबर २०२५

चि. रोहिणी,

अक्षर ठीक आहे. चौथीत तू याहून घाण लिहायचीस.

मला यायला जमणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मी खुर्चीत बसलेय. समोर खिडकी, खिडकीपलीकडं यंत्रमागाचं शेड. माग दिवसभर खडखडत असतात म्हणे. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

आधी त्या मेसेजचं. क्षमावणीचा मेसेज कबुलीजबाब धरायचा, तर मी प्रत्येक विरोधी वकिलाला, कोर्टातल्या शिपायांना आणि आमच्या दूधवाल्यालासुद्धा दरवर्षी कबुलीजबाब दिलेला आहे. हे नुसतं घाबरवणं आहे. त्याला उत्तर देऊ नकोस. पण तो तुझ्या फोनवरून कुणी पाठवला, हे मात्र शोध.

आता कायद्याचं. रस्त्यावर गाडीनं उडवलं तर वेगळं न्यायाधिकरण आहे, ते बोटीला लागू होत नाही. मग राहतं काय? पोलिसात तक्रार करता येते. बेदरकारपणे बोट चालवून दुखापत करणं हा गुन्हा आहे. उशीर झालाय, तो का झाला ते सांगावं लागेल. पण त्यातून शिक्षा होईल, तुझी नोकरी परत येणार नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोगाकडं जायचं. तिकीट काढलंस म्हणजे तू ग्राहक झालीस, आणि सेवा देताना हलगर्जी झाली. दोन वर्षांची मुदत असते, कोल्हापुरातच तक्रार देता येते, वकील नसला तरी चालतं. दिवाणी दावाही आहे, पण तो तू लावायचा आणि नातवंडांनी चालवायचा. आणि तडजोड. तडजोड वाईट नसते, पण आपण काय सोडतोय हे कळल्यावर करायची असते.

तिकिटाच्या मागं 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असेल. त्याला भिऊ नकोस. असं छापून हलगर्जी माफ होत नाही. बोटीची नोंदणी होती का, विमा होता का, चालवणाऱ्याकडं परवाना होता का, हे प्रश्न आपण त्यांना विचारायचे.

नेमगोंडा गिऱ्हाईक सांभाळतोय, असं मला स्पष्ट दिसतं. दुकानदाराला भावजयीच्या हातापेक्षा गिऱ्हाईक जवळचं वाटू शकतं. अशी घरं मी पुष्कळ पाहिली. दवाखान्यात पोलिसांनी जबाब घेतला असेलच. तो कुणी दिला, काय दिला, त्याची नक्कल काढ. कुठंही सही नको, अंगठा तर नकोच. पुढची पत्रं मी लॅबच्या पत्त्यावर टाकेन. आणि या पाकिटाचा डिंक नीट बघ. मी स्वतः लावलाय.

तुझी
पद्माआत्या


राजारामपुरी
२९ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसलं. किंवा तू म्हणालीस म्हणून मला तसं दिसलं असेल. आता असंच होतं. जाऊबाईंनी चहात दूध जास्त घातलं तरी वाटतं, का घातलं?

जबाबाची नक्कल मिळाली. त्यात लिहिलंय, "तोल जाऊन पाण्यात पडल्या व त्यांचा हात बोटीच्या पंख्यास लागला. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." म्हणजे हात मीच नेऊन लावला. सही नेमगोंडा भाऊजींची, खाली भरतेशची. मी भरतेशना विचारलं. म्हणाले, "तू आत टेबलावर होतीस. दादानं दाखवलं तिथं सही केली. मला तेव्हा अक्षरसुद्धा दिसत नव्हतं." तसंच झालं असणार. त्या दिवशी त्यांची अवस्था माझ्याहून वाईट होती, असं जाऊबाई सांगतात.

क्लबचा बोटवाला आकाराम म्हणून आहे. त्या दिवसानंतर क्लबनं त्याला काढून टाकलं. रंकाळ्याच्या मागं राहतो एवढं कळलं, तर मी कुणाला न सांगता रिक्षा करून गेले. मला बघून त्यानं दारातच हात जोडले.

"ताई, मला इचारू नका. पोटावर पाय आलाच हाय, आता तोंड उघडलं तर गावातनं जावं लागंल."

"तुम्हीच चालवत होता ना बोट?"

"तुमच्या घरात इचारा की, ताई. मला कशापायी इचारताय?"

एवढं बोलून आत गेला आणि बाहेर आलाच नाही. म्हणजे त्याचं तोंड भाऊजींनी बंद केलंय, हे उघड आहे.

परवा दुकानात डबा द्यायला गेले. आतल्या खोलीत विश्वजित होता. त्याचा आवाज काउंटरपर्यंत येत होता. "वकिलापतुर गेलं तर समदंच बाहीर येतंय, नेमूशेठ. मग मला म्हणायचं न्हाय." भाऊजी म्हणाले, "जरा दम धर की. मी बघतो तिचं." 'तिचं' म्हणजे माझं. डबा ठेवला आणि निघाले. भाऊजींनी मागनं हाक मारली, "अगं, च्या घे की!" मी वळले नाही.

आत्या, मी पोलिसात जाणार. क्लबचं नाव देणार, आणि खोटा जबाब दिला म्हणून भाऊजींचंही देणार. भरतेशना अजून सांगितलेलं नाही. भावाविरुद्ध उभं राहायचं म्हणजे त्यांना किती जड जाईल ते मला कळतं. तक्रार कशी लिहायची तेवढं लगेच कळव.

तुझी
रोहिणी


कबनूर
११ ऑक्टोबर २०२५

चि. रोहिणी,

उत्तराला उशीर झाला. गुडघ्यानं छळलं.

पोलिसात जायची घाई करू नकोस. दिवाळी तोंडावर आली आहे, सणात घर ढवळून निघेल. तू नीट हो, फिजिओथेरपी चुकवू नकोस, मग बघू. मुदत भरपूर आहे.

बोटवाल्यानं तुला डाव्या बाजूला घ्यायला नको होतं, तिथंच चुकलं, हे खरं. पण अशा गोष्टी एका क्षणात होतात आणि करणारा माणूस जन्मभर ते घेऊन फिरतो, हेही मी पाहिलं आहे. नेमगोंडाबद्दल मी मागच्या पत्रात जरा उतावळेपणानं लिहिलं. घरातला कर्ता माणूस म्हटला की त्याला चार बाजू बघाव्या लागतात.

तो तडजोडीचा मसुदा मला पाठवून दे. अटी मी सुधारून देईन, नुसत्या दवाखान्याच्या खर्चावर भागणार नाही. चांगली तडजोड हाही कायद्याचाच मार्ग आहे.

करंज्या पाठवत नाही. पोस्टात पीठ होईल.

तुझी
पद्माआत्या


राजारामपुरी
१५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं पत्र काउंटरवर वाचलं आणि एका पेशंटला दुसऱ्याची पावती दिली.

माझी आत्या दिवाळीसाठी केस थांबवणारी नाही. तुझ्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आज्जांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशीसुद्धा तू कोर्टात उभी होतीस, हे घरात अजून सांगतात. 'चार बाजू' हा शब्द तू लिहिलास? तू तर म्हणायचीस, बाजू दोनच असतात, आपली आणि त्यांची.

आणि डावी बाजू. ती मी तुला कधी लिहिली? माझ्या पत्रात फक्त 'परत आली' एवढंच आहे. मी पाण्यात होते, डोळ्यांत पाणी, तोंड काठाकडं. स्पीडबोट कुठल्या बाजूनं आली, मला कुठल्या बाजूला घेतलं, हे मला आजही माहीत नाही. मग कबनूरला खुर्चीत बसून तुला कसं माहीत?

कोण आलं होतं तुझ्याकडं?

येताना काय घेऊन आलं होतं, असं मी विचारणार नाही. पण ते मनात येऊन गेलं, हे तुला कळलेलं बरं.

रोहिणी


कबनूर
१८ ऑक्टोबर २०२५

चि. रोहिणी,

पकडलंस. माझ्यासमोर वकील म्हणून उभी असतीस तर मी तारीख मागून घेतली असती.

नेमगोंडा आला होता. हात हलवत आला आणि तसाच गेला, चहासुद्धा घेतला नाही. मला ऐकू यावं म्हणून ओरडून बोलावं लागत होतं, तर त्यानं उठून दार-खिडक्या लावल्या. आधी माझ्याकडून शब्द घेतला, की रोहिणीला कळवणार नाही. मग सांगितलं. मी तो शब्द द्यायला नको होता. तू माझ्याकडं आधी आली होतीस, तर दुसऱ्या बाजूच्या माणसाला मी दारातनंच परत पाठवायला हवं होतं. आत्या होऊन त्याचं ऐकलं आणि वकील होऊन तोंड मिटलं. दोन्ही कामं नासली.

शब्द दिलाय, म्हणून त्यानं सांगितलेलं मी सांगणार नाही. पण कुठलाही बरा वकील पहिल्याच दिवशी जे विचारेल आणि मी विचारलं नाही, ते आता विचारते. माझा सगळा संशय त्या दुकानावर होता, म्हणून ते राहून गेलं.

अशा बोटीचं स्टिअरिंग उजव्या अंगाला असतं. पाण्यात पडलेल्या माणसाला घ्यायला जाताना चालवणारा त्याला आपल्या, म्हणजे उजव्या बाजूला ठेवतो आणि जवळ यायच्या आधी इंजिन बंद करतो. डाव्या बाजूला घेतलं तर पाण्यातलं डोकं त्याला दिसत नाही. आकारामचं सगळं आयुष्य यात गेलंय. रोज पडणारी माणसं तो रोज असाच उचलत होता. मग त्या दिवशी त्याचा हात कसा चुकला? त्याचाच हात होता का?

तू बनानावर होतीस, जाऊ काठावर होती. बाकीचे कुठं होते? हे तू मला एकदाही लिहिलं नाहीस आणि मी एकदाही विचारलं नाही.

नेमगोंडाबद्दल पहिल्या पत्रात लिहिलेलं मी परत घेते. तो गिऱ्हाईक सांभाळत नव्हता.

हे वाचून शांत राहा, असं लिहिणार होते. पण तो हक्क मागच्या पत्रात घालवून बसले.

तुझी
पद्माआत्या


राजारामपुरी
३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

दिवाळी होऊ दिली. मला सणात ऐकायचं नव्हतं. खरं तर ऐकायचंच नव्हतं. तुझं पत्र वाचल्यावर मला आठवलं, की काठावरून निघताना भरतेश स्पीडबोटीत चढले होते, फोटो काढतो म्हणून. हे मला सहा महिने आठवत होतं आणि मी त्याच्याकडं बघत नव्हते.

गेल्या सोमवारी सकाळी ते माझी वेणी घालत होते. मी पाठमोरी बसूनच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोटीत कुठं बसला होता?"

कंगवा केसांत तसाच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. माझ्या पाठीशीच सांगितलं, पुढं आले नाहीत. आकारामला म्हणाले होते, एक फेरी मला मारू दे. तो नको म्हणत होता. विश्वजित काठावरून ओरडला, "अरे दे की! घ्या शेठ, तुमचीच बोट समजा." आकाराम बाजूला झाला. मागं बनानावर इंजिनाच्या आवाजात मला यातलं काही कळलं नव्हतं. पुढं भरतेश म्हणाले, "तू पडलीस तेव्हा मी हसलो. हसत हसतच वळवली. मला वाटलं तू अजून पुढं आहेस."

मेसेजही त्यांनीच पाठवला होता. माझा दरवर्षीचा नेम मोडू नये म्हणून. सगळी नावं निवडली आणि बटण दाबलं, क्लबचा नंबर त्यात आहे हे बघितलंच नाही. मी त्यावरून भाऊजींना मनातल्या मनात किती बोलले, आत्या. फोनही भरतेशनीच स्वतःकडं ठेवला होता, विश्वजितचे फोन माझ्या हाती लागू नयेत म्हणून.

मी विचारलं, "क्षमावणीला तुम्ही रडलात. ती क्षमा कशाची होती?"

"ह्याचीच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. तू आधीच देऊन टाकलीस."

त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना बसवलं. भाऊजींनी सांगितलं, की दवाखान्यातच विश्वजितनं त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं: तक्रार केलीत तर तुमचा भाऊच आत जाईल, मी तसं सांगीन. म्हणून तो जबाब, म्हणून तो स्टँपपेपर. खाली मान घालून म्हणाले, "धाकटा हाय गं माझा. त्याला आत कसा घालू?"

मी म्हटलं, "आणि मी कोण?"

जाऊबाईंनी गवारीचा भाव सांगितला नाही.

आता वेणी त्याच घालतात. भरतेशशी मी कामापुरतं बोलते. ते दुकानातून लवकर येतात आणि माझ्या आजूबाजूला उभे राहतात, पावणे आल्यासारखे.

आता कायदा काय म्हणतो ते सांग. क्लब सुटणार का? हे आत जाणार का? आणि मी क्षमा देऊन बसलेय, ती परत घेता येते का?

तुझी
रोहिणी


कबनूर
८ नोव्हेंबर २०२५

चि. रोहिणी,

शेवटचं आधी. कशाची ते न सांगता मागितलेली क्षमा म्हणजे कोरा कागद. कोऱ्या कागदावर सही घेतली तर तिला कुठलं कोर्ट किंमत देत नाही, आणि मला नाही वाटत धर्म देत असेल. तू काही दिलेलंच नाहीस, तर परत काय घेणार?

आता उरलेलं. क्लब सुटत नाही. परवाना नसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात स्टिअरिंग देणं, आणि मालकानं काठावरून ते द्यायला लावणं, याहून मोठी हलगर्जी कुठली? विश्वजित जे गुपित दाखवून तुमच्या घराला भीती घालत होता, ते त्याचं स्वतःचंच होतं. नेमगोंडानं एखाद्या वकिलाला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी हे कळलं असतं. पण भावाचं नाव आलं की माणूस विचारायलाही घाबरतो.

मात्र गोड बोलून मी काही झाकणार नाही, या वेळी नाही. क्लब भरतेशचीच चूक पुढं करेल आणि आयोग ती मोजेल. त्यानं भरपाई कमी होऊ शकते. पोलिसांनी मनावर घेतलं तर भरतेशवर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि चुकीच्या जबाबाबद्दल दोघा भावांना उत्तर द्यावं लागेल.

तक्रार करायची असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिहायचं, की बोट माझे पती चालवत होते. ते मागं ठेवून केस लढलीस तर ते समोरचा वकील बाहेर काढेल, आणि मग तुझा हात सोडून सगळे तुझ्या खोटेपणाबद्दलच बोलत बसतील. भरतेशनं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं. ते तू मागू नकोस. मीही मागणार नाही. तो देतो का, बघ.

तक्रार न करणं हाही मार्ग आहे, आणि तू तो घेतलास तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त तो तू ठरव. घरानं तुझ्यासाठी ठरवू नये.

तुझी
पद्माआत्या


राजारामपुरी
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

पहिला परिच्छेद लिहिला. उजव्या हातानं, टाईप करायला द्यायच्या आधी. 'माझे पती' इथं पेन अडकलं. पान फाडून पुन्हा लिहिलं.

तुझ्या म्हणण्याप्रमाणं मी काही मागितलं नाही. तक्रारीचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि लॅबला गेले. परत आले तेव्हा भरतेश घरी नव्हते. भाऊजींना घेऊन नोटरीकडं गेले होते. प्रतिज्ञापत्र माझ्या हातात देताना म्हणाले, "काही राहिलं असेल तर सांग." मी वाचलं. फोटो काढतो म्हणून चढलो, इथपासून सगळं होतं. हसलो, तेही होतं. नोटरी म्हणे म्हणाला, हे कशाला घालताय? यांनी काढू दिलं नाही.

विश्वजितचा फोन आला होता. "वहिनी, घरचाच मानूस अडकतोय. इचार करा की." मी म्हटलं, केलाय. फोन आता माझ्याकडंच असतो.

मंगळवारी आयोगात कागद दाखल होतील. मधल्या काळात तू सुधारून पाठवलेला तक्रारीचा मसुदाच आहे, फक्त 'गंभीर स्वरूपाची इजा' काढून मी तिथं 'या बोटाने मी शीर शोधत असे' असं घातलंय. तुला चालणार नाही, पण राहू दे. पोलिसांचं पुढं काय होईल ते होईल. भरतेशना ते माहीत आहे.

तुझ्यावरचा संशय गेला. राग थोडा आहे. गुडघा बरा झाला की येऊन भांडेन, कान लावून बस.

आणि एक सांगायचं राहिलं. आमचे डॉक्टर म्हणाले, तर्जनीचा नाद सोडा, मधल्या बोटानं शिका. शिकायला हरकत नाही, पण पेशंटच्या हातावर कसं शिकणार? हे मी घरात जेवताना जाऊबाईंशी बोलले होते, भरतेशशी नाही. शनिवारी लॅब बंद करायच्या वेळेला ते आले, रक्त घ्यायच्या खुर्चीत बसले आणि बाही वर केली. मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

पट्टा बांधला. मधल्या बोटाला सगळंच नवीन होतं. शीर कुठली आणि स्नायू कुठला, कळेना. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्या जागी टोचलं, तिथंही हुकलं, आणि त्यांच्या हातावर निळा डाग उठायला लागला. ते हातच बघत होते. मग म्हणाले, "रोहिणी, बोट मी चालवत होतो. तू पाण्यात होतीस आणि मी हसत होतो. नंतर सहा महिने गप्प बसलो. ह्याची क्षमा मागतोय."

बोलता बोलता त्यांनी हात जोडायला उचलले.

मी म्हटलं, "हात हलवू नका," आणि पुन्हा शीर शोधायला लागले.

तुझी
रोहिणी